थोरल्या दिराची बाटली

माझ्या नातवाच्या ओळखीतला एक गृहस्थ मध्यंतरी घरी येऊन गेला. जुन्या लढायांतल्या वस्तू जमवायचा त्याला नाद आहे. बिल्ले, टोप्या, पट्ट्यांची बकलं, असलं काय काय त्याने कपाटात मांडून ठेवलंय म्हणे. नातवाने त्याला आमच्याकडच्या मिलिटरीच्या बाटलीचा फोटो दाखवला आणि तो दुसऱ्याच दिवशी हजर झाला.

बाटली पाण्याची. निळ्या एनॅमलची, पोट फुगलेली, वर खाकी लोकरी कापड शिवलेलं, बुचाला दोरी आणि खांद्याला अडकवायला पट्टा. पट्ट्याच्या आता चिंध्या झाल्यात. त्याने ती दोन्ही हातांत घेतली, उलटीपालटी केली, नाकाला लावली. मी म्हटलं, "वास काय घेतोस, रिकामी आहे." तो म्हणाला, अस्सल आहे, दुसऱ्या महायुद्धातली, आपल्याकडच्या फौजेला मिळायची तीच. मानेजवळ एनॅमलचा टवका उडालाय, त्यावर बोट फिरवून म्हणाला, "आजी, हा घाव लढाईतला असणार."

"असेल बाबा," मी म्हटलं.

मग त्याने विचारलं, ही कोणाची होती, तुमच्याकडे कशी आली. म्हणाला, नुसत्या वस्तूला काही अर्थ नसतो, ती कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेली ते कळायला हवं. मी सांगितलं, "माझ्या थोरल्या दिराची. बर्माच्या लढाईत होता." तो खूश झाला. मी बाटली त्याला देऊन टाकली. आमच्या या ब्लॉकमध्ये तिला टांगायला खिळा नाही, आणि मी गेल्यावर सुनेने ती भंगारातच दिली असती.

मी त्याला सांगितलं ते खोटं नव्हतं, पण ते आम्ही घरात बसून ठरवलेलं उत्तर होतं. ते कसं ठरलं ते इथे लिहिते.

लग्न होऊन मी भोईवाड्याच्या चाळीत आले तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटायला लागली होती. आमची एक खोली. त्यात सासूबाई, माझा नवरा, मी आणि थोरल्या जाऊबाई. सासरे आधीच गेले होते. नवरा गिरणीत साचेवाला, म्हणजे मागावर कापड विणणारा. जाऊबाई खानावळ चालवायच्या. गावी बायकापोरं ठेवून आलेले गिरणीतले गडी पाळीप्रमाणे आमच्या खोलीत जेवून जायचे. मी गावाकडून आलेली, चौथी शिकलेली, स्टोव्ह पेटवताना हात भाजून घेणारी पोर. सगळं मला जाऊबाईंनी शिकवलं. शिव्या देऊन शिकवलं, पण शिकवलं. मी त्यांना आक्का म्हणायचे. अंगाने काटक, आवाज असा की खालच्या नळावरच्या बायका वर बघायच्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

त्या कुंकवावरूनच सगळं होतं.

थोरला दीर लढाई चालू असताना फौजेत भरती झाला. सासूबाई चाळीत सांगायच्या की माझ्या पोराच्या हातात बंदूक होती. खरं म्हणजे तो रस्ते आणि पूल बांधणाऱ्या तुकडीत होता, हातात घमेलं आणि फावडं. बर्माच्या बाजूला गेला. नंतर तार आली की बेपत्ता आहे. मेला असं कोणी कळवलं नाही, जिवंत आहे असंही कळवलं नाही. लढाई संपल्यावर त्याच्या तुकडीतला एक माणूस आमच्या दारात उभा राहिला. आमच्याच गावचा, महारवाड्यातला. खांद्याला बाटली होती. ती उतरवून त्याने सासूबाईंच्या हातात दिली आणि म्हणाला, "ही तुमच्या पोराची." एवढंच बोलून गेला. पुढे तो नायगावच्या बी.डी.डी. चाळीत राहायला आला आणि गिरणीत रिंग खात्यात, म्हणजे सूत काढायला, लागला. अधूनमधून आमच्याकडे येऊन जायचा. माझ्या नवऱ्याच्या साचेखात्यात त्यांच्या माणसांना तेव्हा घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढून काढावा लागतो, त्यामुळे त्यांच्या तोंडचं आपल्या तोंडाला लागेल, असं बाकीच्या साचेवाल्यांचं म्हणणं. पुढे आम्ही त्या गृहस्थांना भाऊ म्हणायला लागलो, म्हणून मी भाऊच लिहिते.

सासूबाईंनी बाटली देवाच्या फळीखाली खिळ्याला टांगली. रोज हळदकुंकू आणि फूल. दर अमावास्येला तीत पाणी भरायच्या, तळहातावर ओतून तीर्थासारख्या प्यायच्या आणि आम्हालाही द्यायच्या. मी प्यायचे, नवरा प्यायचा. आक्का पीत नसत. हातही लावत नसत.

"ही त्यांची नव्हे," त्या म्हणायच्या.

"तुला काय म्हायत गो?" सासूबाई तडकायच्या. "माझ्या पोराची वस्तू मी ओळखत नाय?"

"तुम्ही त्यांना पाळण्यात ओळखत होतात. फौजेत गेल्यावर त्यांना काय दिलं ते तुम्हाला कुठं ठाऊक?"

"आणि तुला ठाऊक?"

"मला ठाऊक."

हे भांडण मी आले तेव्हा जुनं झालेलं होतं. चाळीतले लोक ते ऐकून स्वयंपाकाची वेळ ओळखायचे.

आमच्याकडे चाल अशी, की माणूस बेपत्ता झाला तर बारा वर्षं वाट बघायची. बारा वर्षांत आला नाही तर तो गेला असं धरायचं, दर्भाचा पुतळा करायचा, पुतळ्याला अग्नी द्यायचा आणि पुढचे सगळे दिवस करायचे. तोवर त्याच्या बायकोचं कुंकू राहतं. ती बारा वर्षं आता भरत आली होती. सासूबाईंनी ठरवलं होतं की भोईवाड्याच्या स्मशानात पुतळा जाळायचा, बाटली त्याच्याजवळ ठेवायची, आणि सगळं उरकलं की थोरलीला गावी पाठवायचं. गावी चुलत दिरांचं घर होतं, गुरं होती, राबायला माणूस हवंच होतं. खानावळ मी चालवायची. एका खोलीत दोन सुना, त्यातली एक विधवा, हे सासूबाईंना पटत नव्हतं. त्या दुष्ट नव्हत्या. पोराला गती मिळावी एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. बारा वर्षं त्याच्या नावाने पाणी सोडलं नव्हतं, घास ठेवला नव्हता, आणि त्या आईला तेच खात होतं.

एकदा खोबरं खवताना मी आक्कांना विचारलं, "आक्का, खरं सांगा. येतील असं वाटतं तुम्हाला?"

"खुळी आहेस काय गो? यायचा असता तर इतकी वर्षं थांबला असता?"

"मग बाटली त्यांची नाही असं का म्हणता?"

"मग काय म्हणू? त्यांची म्हटलं की पुतळा जाळला. पुतळा जाळला की मी गावी. तिथं शेण काढत मरू? इथं माझ्या हातचं जेवायला माणसं जिन्यात उभी असतात." खवणीवरचं खोबरं झटकून म्हणाल्या, "बारीक खव. ते काय लाकडं फोडतेस?"

म्हणजे आक्कांनाही बाटलीबद्दल काहीच माहीत नव्हतं. नुसत्या ठोकून देत होत्या. मला तेव्हा त्यांचा फार आधार वाटायचा. त्या गेल्या असत्या तर त्या खोलीत मी वेडी झाले असते.

पुतळ्याचा दिवस ठरला. गिरगावातले भटजी येऊन सगळं सांगून गेले. म्हणाले, ज्याने शेवटचं पाहिलं त्याने देवासमोर नारळावर हात ठेवून सांगावं की वस्तू त्याची आणि तो गेला, म्हणजे मनात किंतू राहणार नाही. माझा नवरा नायगावला जाऊन भाऊंना विचारून आला. ते येतो म्हणाले. आक्कांनी त्या आठवड्यात भाकऱ्या इतक्या जोरात थापल्या की वरच्या मजल्यावरून विचारणा झाली.

आणि मुंबई केंद्राकडे ठेवणार अशी बातमी आली. गोळीबार झाले, कर्फ्यू लागला. आमच्या मागच्या चाळीतला एक तरुण पोरगा गेला. खालच्या रस्त्यावर अश्रुधूर सोडला की आम्ही ओल्या फडक्यांनी दाराच्या फटी बुजवायचो आणि कांदा फोडून नाकाला लावायचो. गिरण्या बंद, खानावळ बंद. गिरगावातून भटजी येणं शक्यच नव्हतं. दिवस हुकला. मग भटजी म्हणाले, आता मुहूर्त पुढच्या साली बघू. सासूबाईंनी सरकारला अशा शिव्या घातल्या की मोर्च्यातल्या पुढाऱ्यांनाही जमल्या नसत्या.

"मुंबई ठेवून घेताय तर घ्या मेल्यांनो, माझ्या पोराची गती कशाला अडवताय!"

नवरा म्हणाला, "आई, मुंबई ठेवून घ्या असं मोठ्याने बोलू नकोस. चाळीत मार खाशील."

त्या सालात एक गोष्ट घडली. नायगावच्या त्या चाळींनी धर्म बदलला. भाऊंनीही बदलला. आम्हाला कळलं, पण त्याचा आमच्या बाटलीशी काही संबंध असेल असं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

पुन्हा मुहूर्त काढला. त्याच्या आदल्या रविवारी, गिरणीला सुट्टी म्हणून, भटजी आले आणि भाऊही आले. भाऊ नेहमीसारखे गॅलरीत उंबऱ्याबाहेर बसले. त्यांच्यासाठी कान तुटलेला एक कप आम्ही गॅलरीतल्या खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा. भटजींनी नारळ उंबऱ्यावर ठेवायला सांगितला. भाऊंचा हात लागल्यावर तो देवाला चालणार नव्हताच, शपथेपुरता होता. बाटली खिळ्यावरून काढून नारळाशेजारी ठेवली. आक्का चुलीच्या कोपऱ्यात पाठ करून बसल्या होत्या.

भटजी म्हणाले, "हात ठेव आणि सांग. बाटली त्याची. तो गेला."

भाऊ म्हणाले, "नारळावर हात नाय ठेवणार मी. आमच्यात आता ते राहिलं नाय."

"मागच्या साली ठेवणार होतास की!" सासूबाई म्हणाल्या.

"मागच्या साली ठेवला असता, आई. पण आता खोटं बोलणार नाय असं मी चारचौघांत उभा राहून म्हटलंय."

"मग खरं बोल ना बाबा. कोण अडवतंय तुला?"

भाऊंनी बाटलीकडे बघितलं. म्हणाले, "बाटली माझी हाय."

भटजी उठले, पंचा सावरला आणि मला काम आहे म्हणून जिना उतरले. पुन्हा आमच्या दारी आले नाहीत.

सासूबाई खाली बसल्या. भाऊच बोलत राहिले. पावसाळ्यात नदीला पूर आला आणि त्यांनीच बांधलेला पूल वाहून गेला. माझा दीर आणि काही लोक पलीकडच्या काठावर राहिले. पाणी उतरलं तेव्हा पलीकडे कोणी नव्हतं. कोणी म्हणे जपान्यांनी धरून नेलं, कोणी म्हणे बुडाले, कोणी म्हणे दवाखान्यात पाहिलं. "मी त्याला मेलेला पाहिला नाय, आई. नंतर जिता पण नाय पाहिला. इथं आलो तेव्हा तुम्ही दार उघडलंत आणि माझ्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघितलंत. मी काय आणलंय ते बघत होतात. माझ्याकडे काय नव्हतं. मग खांद्याची बाटली काढून दिली."

"आणि इतकी वर्षं गप राहिलास?"

"सांगणार होतो. एकदा आलो तर तुम्ही त्यातलं पाणी हातावर घेऊन पीत होतात. तीर्थ म्हणून. त्यावर कुठल्या तोंडाने सांगू की ही माझी उष्टी हाय?"

मी नवऱ्याकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. आठवडाभर त्याच्या खात्यात तोंडाने धागे ओढायचे, ते या लोकांना शिवू द्यायचे नाहीत, आणि घरी येऊन दर अमावास्येला हे प्यायचं. मला हसू आलं. हसायची वेळ नव्हती, म्हणून पदर तोंडाला लावला. सासूबाईंना वाटलं मी रडतेय.

मग त्यांनी विचारलं, "माझा पोर यातनं पाणी प्यायला होता?"

"प्यायला होता तर! त्याच्या बाटलीचं बूच चिखलात गेलं, पाणी राहीना. मग दोघं एकाच बाटलीतून प्यायचो. कधी आधी तो, कधी आधी मी."

"तोंड लावून?"

"तोंड लावूनच, आई. तिथं वरून धार धरून कोण पितो?"

सासूबाईंनी बाटली उचलली. मला वाटलं आता ही गॅलरीतून खाली भिरकावणार. त्यांनी तिच्या तोंडावरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "मग त्याची पण झाली."

त्यांनी ती परत खिळ्याला टांगली. त्या दिवसापासून आमच्या घरी कोणीही विचारलं की उत्तर हेच. थोरल्याची बाटली.

पण आक्का तेवढ्यावर थांबणाऱ्या नव्हत्या. त्या कोपऱ्यातून उठून उंबऱ्याशी आल्या. "भाऊ, त्यांना मेलेलं तुम्ही पाहिलं नाय. बरोबर?"

"नाय पाहिलं, वैनी."

"ऐकलंत?" सासूबाईंकडे वळून म्हणाल्या. "बाटली तुमच्या पोराची, माझं काय म्हणणं नाय. पण पुतळा कोणाचा जाळताय?"

"मेली, तुला तेच हवं होतं!"

"होय, तेच हवं होतं."

मग त्यांनी चहा टाकला आणि भाऊंना घरातल्या कपबशीतून दिला. सासूबाईंनी डोळे वटारले तशा म्हणाल्या, "आई, इतकी वर्षं त्यांची बाटली पूजलीत, तीर्थ म्हणून प्यालात, आम्हाला पाजलंत. आता कपाचं काय घेऊन बसलात?"

सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, जशी काही बाटली मीच आणली होती. अमावास्येचं तीर्थ बंद झालं. माणूस एका दुपारीत बदलत नाही. भाऊ त्यानंतरही उंबऱ्याच्या आत आले ते पुष्कळ वर्षांनी. पण कान तुटलेला कप आक्कांनी त्याच संध्याकाळी तुळशीच्या डब्यात पाणी ओतायला घेतला, तो तिथेच राहिला.

पूजा थांबली तशी बाटली वापरात आली. नवरा ती मोर्च्याला घेऊन जायला लागला. पहिल्याच वेळी मानेजवळचा टवका उडवून घेऊन आला आणि चाळीत सांगत सुटला की पोलिसाची लाठी चुकवताना बाटलीवर घेतली. आक्का म्हणाल्या, "लाठी कसली? आपल्याच जिन्यात घसरलात, मी आवाज ऐकला." तरी त्याने मरेपर्यंत लाठीच सांगितली. त्या संग्राहकाला लढाई वाटली तर माझं काय जातं.

राहिला पितृपंधरवडा. पुतळा झाला नाही म्हणजे पोराच्या नावाने म्हाळ घालता येणार नाही, म्हणून सासूबाई जेवेनात. मुळात हट्टी, त्यात म्हातारपण. दुसऱ्या दिवशी आक्का त्यांच्यासमोर जाऊन बसल्या. म्हणाल्या, "आई, तुमचा मुलगा आहे. तुम्हाला तो गेला असं वाटतं ना? मग ठेवा पान. भटजी नको, पुतळा नको. मी कुंकू पुसणार नाय आणि गावी जाणार नाय. तुमचं तुम्ही करा, माझं मी करते."

"असं कुठं असतं काय?"

"आपल्याकडे असतं."

सर्वपित्रीला आक्कांनी पहाटे उठून वडे तळले, काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं, भोपळ्याची भाजी, खीर. कपाळावर नेहमीपेक्षा मोठं कुंकू, हातात नव्या बांगड्या. पान सासूबाईंनी वाढलं आणि गॅलरीच्या कठड्यावर ठेवलं. चाळ बघायला जमली होती. समोरच्या खोलीतली बाई म्हणाली, "काय गो, तुमच्याकडे एकच माणूस मेलेला पण आणि जिता पण?"

"म्हातारीचा मेलाय," आक्का म्हणाल्या. "माझा नाय. तुला काय त्रास?"

कावळा लगेच आला आणि वडा उचलून गेला. सासूबाईंचे डोळे भरून आले. हात जोडून म्हणाल्या, "बघ. शिवला. तोच होता."

"वडे मी केलेत," आक्का म्हणाल्या. "शिवणार नाय तर जाईल कुठं?"